सॉक्रेटिसची सीट

सक्करदरा, नागपूर
६ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमानंद,

सप्रेम जय भीम.

खुशाली मागून विचारतो, आधी बातमी घे. रविवारी, दोन मार्चला, आपली बस निघणार! कंपनी जुन्या गाड्या मोडीत काढून राहिली आहे. युनियनच्या पोरांनी साहेबांना गाठलं आणि म्हणाले, मोडायच्या आधी एक दिवस म्हाताऱ्यांना द्या. साहेब हो म्हणाले. सकाळी आठला सक्करदरा चौक, तिथून मेडिकल, छत्रपती चौक, आणि थेट हिंगण्याला कंपनीच्या गेटपर्यंत. सव्वीस वर्षं गेलो तोच रस्ता.

पोरांना आपल्या बसचा नियम सांगितला तर ते हसायलाच लागले. म्हणाले, काका, फॅक्टरीच्या बसमध्ये तत्त्वज्ञान? मग मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. नानाजीनं सीताबर्डीच्या फुटपाथवरून जगातल्या तत्त्वज्ञांचं ते एक पुस्तक कसं आणलं. त्याला ना कव्हर, ना पहिली पानं, ना शेवटची. शिलाई सुटली, पानांचे गठ्ठे वेगळे झाले, आणि आपण चिठ्ठ्या टाकून एकेकाला एकेक गठ्ठा दिला. ज्याला जो आला तो त्याचा. नानाजीला चार्वाक, तुला सॉक्रेटिस, आणि मला तो लंगडा गुलाम, एपिक्टेटस. तू म्हणाला होतास, "बुद्ध माझ्या घरचे आहेत, घरच्या माणसासाठी बसमध्ये भांडायचं नसतं, मले दुसरा द्या."

आणि नियम काय, तर आपला तत्त्वज्ञ मोठा होता असं कोणी म्हणायचं नाही. त्याचं ऐकून या आठवड्यात तू काय केलंस ते सांग. सांगता आलं तर सीट. नुसती त्याची वाक्यं सांगितली तर हिंगण्यापर्यंत उभं. निकाल ड्रायव्हर धोंडबाचा. आरशातून बघायचा आणि हॉर्न वाजवायचा. एक हॉर्न म्हणजे बस, दोन हॉर्न म्हणजे ऊठ.

नानाजीनं वडिलांच्या तेराव्याचं गावजेवण रद्द करून आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, तो दिवस आठवतो? "डोळ्याले दिसते तेच खरं म्हणते माहा चार्वाक, मंग आईले दिसलं तर पाहिजे," असं तो म्हणाला, आणि धोंडबानं हॉर्नवरून हातच काढला नाही.

मी सव्वीस वर्षं उभाच होतो, ते राहू दे.

तुझी तीन नंबरची सीट, खिडकीची, राखून ठेवली आहे. नोव्हेंबरात भेटलो तेव्हा तू बरा दिसलास. गळ्याच्या ऑपरेशनातून उठलेला माणूस इतका ताठ बसतो, हे पाहून मला बरं वाटलं. पत्रानंच उत्तर दे. फोन करू नकोस, तुझ्या गळ्याला ताण नको. आणि त्या मोबाईलवर माझ्या जाड बोटांनी तीन अक्षरं दाबली तर पाच उठतात.

तुझा
वामन


इंदोरा, नागपूर
१४ जानेवारी २०२५

वामनराव यांस,

जय भीम.

पत्र मिळालं. मी येणार नाही.

कारण विचारशील म्हणून लिहितो. तुझा एपिक्टेटस खोलीत बसून चालतो. नानाजीचा चार्वाक ताटावर बसून चालतो. माझा सॉक्रेटिस मात्र बोलण्याशिवाय उभाच राहत नाही. त्यानं एक ओळ लिहिली नाही. बाजारात उभा राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायचा आणि विचारायचा, शौर्य म्हणजे काय, चांगलं म्हणजे काय. आयुष्यभर एवढंच केलं. टूलरूमच्या इन्स्पेक्शनला मी गेज लावायचो ना, पार्ट आत गेला तर पास, नाही गेला तर फेल, तसा त्याचा प्रश्न. समोरच्याचं बोलणं आत जातं का, अडतं का, ते लगेच कळायचं. त्याच्यामुळंच मी फोरमनला विचारू शकलो की माझा कप वेगळा काहून ठेवता. भांडलो नाही, नुसतं विचारत गेलो. पाचव्या प्रश्नाला त्यानं स्वतःच तो कप उचलून सगळ्यांच्या कपांत ठेवला.

आता माझ्या गळ्याला भोक आहे. श्वास तिथूनच. आत एक झडप बसवली आहे. अंगठ्यानं भोक दाबलं की हवा वर जाते आणि एक खरखर निघते, तिला डॉक्टर आवाज म्हणतात. एका दमात तीन-चार शब्द. नातू पहिल्यांदा ऐकून आईच्या मागे लपला.

ही खरखर घेऊन मी सॉक्रेटिसच्या सीटवर बसू? तो नियमच मोडणं झालं. मला उभंही राहायचं नाही.

आणि तू नोव्हेंबरात आलास तेव्हाच मला काय ते कळलं. त्यामुळे आग्रह करू नकोस.

प्रेमानंद


सक्करदरा
२० जानेवारी २०२५

प्रिय प्रेमानंद,

तुला काय कळलं ते माझ्याही लक्षात आलं. पुस्तक! तुझा गठ्ठा माझ्याकडं आहे आणि मी नोव्हेंबरात तो परत न आणता हात हलवत आलो, हेच ना? प्रेमानंद गा, मी ते पचवलेलं नाही. लोखंडी पेटीत ठेवलंय, डांबराच्या गोळ्या घालून. गोपिका म्हणते, तुमच्या सॉक्रेटिसले गोधडीचा वास यायले लागला.

काल काढून वाचलं. तुझा गठ्ठा अध्येच तुटतो. तो बाजारात कोणाला तरी धरून विचारतोय, आणि पान संपलं. त्यामुळे तीन वर्षं आपल्याला पत्ताच नव्हता की त्याला विष दिलं! आपण समजत होतो, म्हातारा होऊन घरी निवांत गेला असेल. मग नव्यानं लागलेल्या एका पोरानं सहज सांगितलं. तू त्या दिवशी डबा उघडला नाहीस. नानाजी म्हणाला, "आपल्या घरात मयत झाली, अन् आपल्याले तीन वर्सानं कळून राहिलं." ते दुःख खरं होतं, प्रेमानंद. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं सुतक पाळणारे कामगार दुसरे असतील का?

तू म्हणतोस आवाज गेला. माझा एपिक्टेटस म्हणतो, जे आपल्या हातात नाही त्याचं दुःख करू नये, आणि जे हातात आहे ते सोडू नये. आवाज जाणं तुझ्या हातात नव्हतं. बसमध्ये येणं आहे. ये. संत्री घेऊन ठेवतो.

तुझा
वामन


इंदोरा
२७ जानेवारी २०२५

वामनराव,

पुस्तकाचं नाही. तुला खरंच आठवत नाही की आठवायचं नाही, मला ठाऊक नाही, म्हणून एकदाच लिहितो.

नोव्हेंबरात तू माझ्या पलंगाशेजारी बसला होतास. सून चहा करायला आत गेली. ऑपरेशननंतर तोपर्यंत मी घरच्यांशिवाय कोणाशी बोललो नव्हतो. तुझ्याशी बोलायचं म्हणून आठ दिवस सराव केला होता. मी अंगठा गळ्याला लावला आणि म्हणालो, "मले भेव वाटते गा."

तू खिडकीबाहेर बघत होतास. मान वळवून माझ्याकडं पाहिलंस, हसलास आणि म्हणालास, "यंदा संत्री झकास आली."

तुझ्या एपिक्टेटसची वाक्यं मला पाठवू नकोस. सव्वीस वर्षं धोंडबा तुला उगाच उभं करत नव्हता.

प्रेमानंद


सक्करदरा
८ फेब्रुवारी २०२५

प्रेमानंद भाऊजी,

जय भीम. मी गोपिका. अक्षराले हसू नका, सातवीनंतर पहिल्यांदाच येवढं लिवून राहिली.

तुमचं पत्र आमच्या यायनं वाचलं अन् तळ्यावर जाऊन बसले. जेवाले बलावलं तरी उठेनात. दोन पत्रं लिवली अन् दोन्ही फाडली. मंग मी तुमचं पत्र वाचलं. वाचायले नको होतं, पण वाचलं.

भाऊजी, यायले आयकू येत नाही. तीन वर्स झाली. सव्वीस वर्स प्रेसशॉपमंदी काढली, तो दणदण आवाज कानात बसला अन् कान घेऊनच गेला. कोणाले सांगत नाहीत. समोरच्याचं तोंड पाहून अंदाजानं बोलते. तवा यायचं तोंड खिडकीकडं होतं, अन् तुमचा आवाज तर बारीकच. त्यायले तुमी बोलले हेच कळलं नाही. घरी येऊन मले म्हणले, "प्रेमानंद काही बोललाच नाही वं, मंग मीच संत्र्याचं काढलं."

फोन करू नको म्हणते ना, ते तुमच्या गळ्यासाठी नाही. सोताच्या कानासाठी.

डॉक्टरनं कानाची मशीन लिवून देली. ती डबीतच पडली हाये. म्हणते, "लोकं म्हातारा म्हणतीन." त्र्याहत्तर वर्साचा माणूस, भाऊजी! लोकं काय पोरगा म्हणून राहिले का?

मी लिवलं म्हून सांगू नका. नाही, सांगा. सांगाच. मले आता भेव नाही.

तुमची वहिनी
गोपिका


इंदोरा
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय वामन,

जय भीम.

गोपिका वहिनींचं पत्र आलं. रागावू नकोस त्यांच्यावर. माझ्यावर रागव.

सॉक्रेटिसचा माणूस म्हणून मी सव्वीस वर्षं खिडकीशी बसलो. आणि तू संत्र्याचं बोललास तेव्हा एक साधा प्रश्न विचारायचा होता, "ऐकलं का?" दोन शब्द. माझ्या दमात बसणारे. मी विचारले नाहीत. न विचारताच निकाल लावला आणि तीन महिने तो उराशी धरून बसलो. वामन, माझा आवाज सप्टेंबरात गेला, पण सॉक्रेटिस मी नोव्हेंबरात सोडला. डॉक्टरांनी नाही काढला तो, मी काढला.

हे कळलं त्या दिवशी बुधवार होता. दर गुरुवारी रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात गळ्याच्या पेशंटांना एकत्र बसवून बोलायला शिकवतात. मी तिथं जाऊन नुसता कोपऱ्यात बसायचो. परवाच्या गुरुवारी एक नवा माणूस होता. मोहित नाव, चाळिशीचा, कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव पुकारायचा. अंगठा गळ्याला लावायलाच तयार नाही. शिकवणाऱ्या बाईंनी अर्धा तास समजावलं, तो पाटी घेऊन बसला होता, तीही कोरी.

मी सरकून त्याच्याजवळ गेलो. अंगठा लावला. "काय गेलं?"

त्यानं पाटीवर लिहिलं, आवाज.

"भाव कुठं ठरतो?"

लिहिलं, डोक्यात. मग पुसून लिहिलं, डोळ्यात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात दिसतो.

"डोळे गेले?"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"डोकं गेलं?"

आणि तो हसला. आमच्या हसण्याला आवाज नसतो, नुसते खांदे हलतात. मग त्यानं पाटी खाली ठेवली आणि अंगठा उचलला. काय निघालं माहीत आहे? "एक बार." घोगरं, फाटकं, पण लिलावातलंच.

मी त्याला एकही सल्ला दिला नाही. चार प्रश्न, एकेक दोन-तीन शब्दांचा. घरी येताना ऑटोत माझ्या लक्षात आलं, भाषणाला दम लागतो, प्रश्नाला लागत नाही. म्हणजे माझ्याकडं जेवढा दम उरलाय, तेवढ्यात मावणारा एकच तत्त्वज्ञ जगात आहे, आणि तो चिठ्ठीत मलाच आला होता.

आता तुझी पाळी. गेज लावतो, हलू नकोस. कान जाणं तुझ्या हातात होतं का? मशीन डबीतून काढणं कोणाच्या हातात आहे? लोक काय म्हणतील, हे कोणाच्या हातात आहे? आणि मग एवढी वर्षं तू ज्याचं नाव घेतोस तो एपिक्टेटस कुठं आहे, पेटीत का डबीत?

दोन मार्चला मी येतो. पण मी बोललो तर ऐकणारा पाहिजे. डबी उघड.

तुझा
प्रेमानंद


सक्करदरा
२० फेब्रुवारी २०२५

प्रेमानंद गा,

लावली.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. मग दुसऱ्यांदा वाचलं. मग गोपिकेला म्हटलं, आण ती डबी. तिनं ती तांदळाच्या डब्यामागं लपवली होती, मी फेकून देईन म्हणून. दोन दिवस डॉक्टरकडं चकरा झाल्या, कानाचं माप झालं, मग जमली.

पहिल्यांदा काय ऐकलं सांगू? माझ्याच चपलेचा आवाज. मी एवढं फरफटत चालतो हे मला ठाऊकच नव्हतं. मग पंख्याची करकर. मग स्वयंपाकघरात कोणीतरी बोलतंय. मी आत डोकावलो तर गोपिका एकटीच, भाजी निवडता निवडता बोलून राहिली. म्हटलं, "कोणाशी वं?" तर म्हणते, "तुमच्याशीच. तीन वर्सं झाली बोलून राहिली." मी तिथंच पाटावर बसलो आणि म्हटलं, पहिल्यापासून सांग. ती हसली, आणि मग डोळे पुसायला लागली. भाजी राहिली.

तुझ्या नोव्हेंबराबद्दल मी कागदावर काही लिहू शकत नाही. बसमध्ये ये. आणि त्या लिलाववाल्याला घेऊन ये.

तुझा
वामन


सक्करदरा
३ मार्च २०२५

प्रिय प्रेमानंद,

काल तू तीन नंबरवर होतास, तोंड समोर. मागे काय झालं ते तुला दिसलं नाही. मी शेवटच्या रांगेत दांडा धरून उभा होतो, आणि मला सगळं दिसलं. आता ऐकूही येतं! म्हणून हे पत्र, तुला तुझीच गोष्ट मागच्या बाजूनं सांगायला.

सक्करदरा चौकातून निघालो तेव्हा आम्ही अकरा जण, आणि युनियनची वीसेक पोरं-पोरी. धोंडबाला दोघांनी धरून चढवलं, ऐंशी वर्षांचा माणूस, आणि ड्रायव्हरशेजारी बोनेटवर बसवलं. चढल्या चढल्या त्यानं हॉर्नवर हात ठेवून ड्रायव्हरला सांगितलं, "पोरा, स्टेरिंग तुहं, हॉर्न माहा."

मेडिकल चौकापर्यंत नानाजीनं बोर केलं. चार्वाकाच्या नावानं काल संत्राबर्फी खाल्ली म्हणे, डॉक्टरनं मना केली असताना. दोन हॉर्न! नानाजी ओरडला, "हा अन्याय हाये!" धोंडबा म्हणाला, "ते चार्वाकानं नाही, तुह्या जिभेनं केलं." म्हातारा अजून तसाच आहे.

मग तू उठलास. मी मशीनचं बटण फिरवलं, तर आधी नुसता इंजिनाचा घरघराट. तुझा अंगठा गळ्याकडं गेला, तुझे ओठ हलले, आणि मला काहीच कळेना. म्हटलं, आजही चुकणार. कालच्या दिवसात मला खरं भेव वाटलं असेल तर त्या क्षणाला.

आणि धोंडबा ओरडला, "इंजिन बंद कर गा! प्रेमानंद बोलून राहिला!"

छत्रपती चौकाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला, बस थांबली. इंजिन बंद. आणि मग तो आला, तुझा आवाज.

तू मला विचारलं नाहीस, पण तो कसा वाटतो ते सांगतो, कारण बाकीचे तुला गोड काहीतरी सांगतील. तो गोड नाही. उन्हाळी सुट्टीनंतर प्रेसशॉपमधली तीन नंबरची प्रेस आठवते? पहिल्या दिवशी चालू केली की घरघरायची, खरडायची, आता काही ही चालत नाही असं वाटायचं, आणि मग पहिला ठोका खाली यायचा. दणकन्. पायाखालची फरशी हलायची आणि सगळ्यांना कळायचं, कंपनी सुरू झाली. तसा.

"मी हरलो होतो." दम. "काहून?" दम. "विचारणं सोडलं होतं." दम. "पुरावा मागे बसला आहे."

तू बसलास, आणि पुढचं तुला दिसलं नाही. माझ्या शेजारचा तो लाल शर्टवाला मोहित उठला. मी त्याचा दंड धरला. पायाशी त्यानं संत्र्यांची टोपली आणली होती, ती सीटवर ठेवली. अंगठा गळ्याला लावला आणि काय पुकारला गा! "माल बघा! काटोलचा! बोला!" आपली पोरं चाट पडली. मग मागून एक पोरगी, भूमिका नाव तिचं, क्वालिटीमध्ये आहे, तुमच्या गुरुवारच्या वर्गाचं मी तिला वाटेत सांगितलं होतं, ती ओरडली, "माझी बोली, एक महिना काकांच्या गुरुवारी सोबत येईन!" दुसरा म्हणाला, दोन महिने. नानाजी उभ्या उभ्या म्हणाला, "मी सहा महिने, अन् बर्फी सोडीन!" मोहित सगळ्यांच्या डोळ्यांत बघत होता, एकेकाच्या. त्याला भाव दिसत होता. "एक बार. दोन बार." आणि तिसऱ्याच्या आधी त्यानं टोपली उचलली आणि संत्री वाटायला लागला, सगळ्यांना, हसत, खांदे हलवत.

ती भूमिका संत्रं सोलायचं सोडून मला विचारते, "काका, हे सॉक्रेटिस कोण? कुठं मिळतील वाचायला?" मी तुझा गठ्ठा पिशवीतून काढून तिच्या हातात दिला. तुला न विचारता दिला, माफ कर. तिनं शेवटचं पान उलटून बघितलं आणि म्हणाली, "पुढं काय झालं?" मी तिला विषाचं सांगितलं नाही. सांगणारही नाही. आपल्या प्रतीत तो बाजारात उभा आहे आणि विचारतोय, आणि काल त्याच प्रतीतला सॉक्रेटिस हिंगण्याच्या बसमध्ये बोलला. ती आठवडाभरात तुझ्याकडं येईल प्रश्न घेऊन. तयार राहा.

तुझ्यासाठी धोंडबानं हॉर्न वाजवला तो तू ऐकलासच. हिंगण्याच्या टी-पॉइंटपर्यंत हात काढला नाही. एक ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून शिव्या देत होता, त्याला काय माहीत.

मग धोंडबानं आरशातून मला बघितलं. "वामन, तुहा गुलाम काय म्हणते?"

सवयीनं माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. गिळलं. कानाला हात लावला, मशीन काढली, वर धरली, सगळ्यांना दाखवली, आणि परत कानात घातली. म्हटलं, "तीन वर्सं लपवली. आता लावली. एवढंच."

मशीन अजून नीट बसली नव्हती, त्यामुळे हॉर्न ऐकूच आला नाही. पोरं टाळ्या वाजवायला लागली तेव्हा कळलं की एकच वाजला.

प्रेमानंद, सव्वीस वर्षं मी उभा होतो ना, मला वाटायचं उभ्यानं हिंगणा दिसतो तेवढाच असतो. तुझ्याशेजारी बसलो तेव्हा कळलं, खिडकीतून कंपनीचं गेट आधी दिसतं. गेटवरच्या वॉचमननं आपल्याला सलाम ठोकला आणि तू माझ्याकडं वळून अंगठा लावलास आणि विचारलंस, "ऐकलं का?"

तेव्हा मी नुसता तुझा हात धरला.

म्हणून आता लिहितो. ऐकलं. कालचंही, आणि नोव्हेंबरातलंही. मलेही भेव वाटते गा. मरायचं नाही, एकटं राहून जायचं. आता तेही कमी आहे.

गुरुवारी साडेदहाला इंदोऱ्यात येतो. रामदासपेठेला सोबत जाऊ, मोहित चौकात भेटेल. ऑटोत खिडकी नसते, पण जी बाजू हवेची असेल ती माझी. मला आता बसायची सवय लागली आहे.

तुझा
वामन

ता. क. गोपिका विचारते, तिच्या पत्राला हॉर्न किती?